ओतण्याआधीचा हिशेब : धातूच्या झटपट ओतकामाचे गणित

कापडाच्या व्यापाऱ्याला तागा उलगडून उजेडात धरला की डाग दिसतो. माल परत करायचा की भाव पाडून घ्यायचा, हे तिथल्या तिथे ठरते. ओतीव मालाचे तसे नाही. बिडाचा, पोलादाचा किंवा ॲल्युमिनियमचा नग बाहेरून गुळगुळीत असतो, वजनातही बरोबर भरतो. गिऱ्हाइकाकडे जाऊन लेथवर चढला आणि वरचा थर निघाला की आतून पोकळी उघडी पडते. तोपर्यंत विजेचे बिल भरून झालेले असते, मजुरी दिलेली असते, टेम्पोचे भाडेही गेलेले असते.

या पानावर आम्ही बहुधा सूत, कापड आणि उधारी यांवरच लिहितो. या वेळी फौंड्रीचा विषय घेतला, याला कारण आहे. कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींत आमच्या समाजाची बरीच मुले काम करतात. कोणी मोल्डर आहे, कोणी भट्टीवर आहे, कोणी भंगाराचा पुरवठा करतो. इचलकरंजीच्या मागांना लागणारे बिडाचे सांगाडे आणि चाके हीसुद्धा ओतीव कामाचीच देणगी, म्हणजे आमचा धंदाही या धंद्यापासून फार लांब नाही. आणि या धंद्यात गेल्या तीस-पस्तीस वर्षांत एक बदल झाला आहे, ज्याची खबर भट्टीजवळ उभ्या असलेल्या माणसाला सर्वांत उशिरा लागते. साचा भरण्याआधीच, धातू त्यात कसा वाहील, कोठे आधी गोठेल आणि कोठे पोकळी राहील, हे आता कॉम्प्युटरवर गणिताने काढतात.

आधी नुकसानीचा हिशेब पाहू. समजा, एक नग १०० रुपयांना विकला जातो आणि त्याला ९० रुपये खर्च येतो. शंभर नगांवर नफा १,००० रुपये. त्यांतले ८ नग बाद झाले तर आले ९,२०० आणि गेले ९,०००, म्हणजे उरले २००. बाद नग पुन्हा भट्टीत टाकून नगामागे ३० रुपयांचा धातू सुटला असे धरले, तरी नफा ४४० रुपयांवरच थांबतो. शेकडा आठ नग बिघडले आणि नफ्यातला निम्म्याहून जास्त भाग गेला. फौंड्रीवाल्याला भाव वाढवून मागण्यापेक्षा बाद नग कमी करणे जास्त फायद्याचे असते, ते यामुळेच.

आता पोकळी का पडते ते समजून घेऊ. वितळलेला धातू घट्ट होताना आकसतो. पोलाद गोठताना सुमारे ३ टक्के आकसते, ॲल्युमिनियम ६ ते ७ टक्के. (बिडाची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यातला ग्रॅफाइट गोठताना फुगतो आणि ही तूट बरीचशी भरून काढतो. बीड ओतणे पोलाद ओतण्यापेक्षा सोपे असते, त्याचे हे एक कारण.) जो भाग सर्वांत शेवटी गोठतो त्याची तूट भरायला शेजारी पातळ रस उरलेला नसतो, म्हणून पोकळी तिथे पडते. कारागीर यावर इलाज म्हणून नगाला जोडून रसाचा जादा साठा ठेवतात. त्याला रायझर म्हणतात. नग गोठत असताना रायझर त्याला रस पाजत राहतो आणि स्वतः सर्वांत शेवटी गोठतो. पोकळी रायझरमध्ये पडते, रायझर कापून पुन्हा भट्टीत जातो.

सारा प्रश्न मग एवढाच उरतो की, काय आधी गोठेल आणि काय नंतर. इथे आम्हाला आमच्या धंद्यातला दाखला सुचतो. धुतलेले ओले कापड दोरीवर पसरले तर तासाभरात वाळते. तेच कापड घडी करून, गठ्ठा बांधून ठेवले तर दुसऱ्या दिवशीही आतून ओलेच. कापड तेवढेच, पाणी तेवढेच. फरक फक्त हवेला लागणाऱ्या पृष्ठभागाचा. धातूतून ओल नाही, उष्णता बाहेर जाते, पण रीत तीच आहे.

ही रीत आकड्यांत मांडली ती चेक अभियंता ख्वोरिनोव्ह यांनी, १९४० साली. त्यांचा नियम असा : नगाच्या घनफळाला त्याच्या पृष्ठफळाने भागा, आलेल्या आकड्याचा वर्ग करा, आणि त्याला साच्याच्या वाळूप्रमाणे व धातूप्रमाणे ठरणाऱ्या एका आकड्याने गुणा. जे उत्तर येते तेवढा वेळ नग गोठायला लागतो.

एक उदाहरण करून पाहू. १० सेंटिमीटर बाजूचा ठोकळा घ्या. घनफळ १,००० घन सेंटिमीटर, पृष्ठफळ ६००. भागाकार १.६७, त्याचा वर्ग २.७८. आता तेवढ्याच धातूची पाटी घ्या, २५ सेंटिमीटर लांब, २० रुंद आणि २ जाड. घनफळ तेच १,०००, पण पृष्ठफळ १,१८०. भागाकार ०.८५, वर्ग ०.७२. म्हणजे तेवढ्याच वजनाचा ठोकळा गोठायला पाटीच्या जवळजवळ चौपट वेळ घेतो.

या हिशेबाने रायझरचे मापही काढता येते. रायझरचा हा भागाकार नगापेक्षा साधारण १.२ पट असावा, असा कारखान्यांतला रिवाज आहे. आपल्या ठोकळ्याला तो २ हवा. जेवढी उंची तेवढाच व्यास असलेल्या गोल रायझरचा भागाकार व्यासाच्या सहाव्या हिश्श्याइतका असतो, म्हणजे व्यास १२ सेंटिमीटर आला. त्याचे घनफळ होते सुमारे १,३५७ घन सेंटिमीटर. पोलादात ठोकळा ७.८ किलो आणि त्याला पाजणारा रायझर १०.६ किलो! विकायचा माल कमी आणि कापून टाकायचा जास्त. हा आकडा पहिल्यांदा काढला तेव्हा आमचा विश्वास बसला नाही. पुन्हा काढला, तोच आला. रायझरभोवती उष्णता अडवणारे कवच बसवतात ते त्याचा आकार कमी करण्यासाठी. कवचाने वाचवलेला प्रत्येक किलो धातू म्हणजे तो वितळवण्याची वाचलेली वीज.

वर्ग का करायचा, असा प्रश्न कोणी विचारील. याचे मूळ बर्फात आहे. १८८९ साली व्हिएन्नाचे शास्त्रज्ञ जोझेफ श्टेफान यांनी ध्रुवाकडील समुद्रावर बर्फाचा थर कसा जाड होत जातो, याचे गणित मांडले. जमलेल्या थरातूनच पुढची उष्णता बाहेर पडायची असते, म्हणून थर जाड होत जातो तसा वाढीचा वेग मंद होतो. दुप्पट जाडीला चौपट वेळ लागतो. वाळूच्या साच्यातही असेच. इथे उष्णतेची वाट अडवते ती मुख्यतः वाळू. उष्णता एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी कशी जाते याचे मूळ समीकरण त्याच्याही आधी, १८२२ साली, फ्रान्सच्या फूरिये यांनी छापले होते.

पण खरा नग म्हणजे काही ठोकळा नसतो. त्याला कान असतात, भोके असतात, एकीकडे जाड बॉस तर दुसरीकडे पातळ भिंत. एवढ्या वेड्यावाकड्या आकाराला एक सूत्र पुरत नाही. तिथे कॉम्प्युटर लागतो. नगाचे आणि साच्याचे लाखो बारीक चौकोनी तुकडे कल्पायचे आणि प्रत्येक तुकड्याचा रोजमेळ ठेवायचा : शेजाऱ्यांकडून किती उष्णता आली, किती गेली, शिल्लक काय. शिल्लकेवरून तापमान निघते. धातू गोठताना जी उष्णता सोडतो तीही जमेच्या बाजूला धरावी लागते, नाहीतर मेळ चुकतो. क्षणभर पुढे जायचे आणि सारे तुकडे पुन्हा मोजायचे. वहीखाते ठेवणाऱ्या माणसाला यात अनोळखी असे काही नाही. फक्त खातेदार लाखो आहेत आणि वही सेकंदाला शेकडो वेळा मिळवायची आहे.

तुकडे जितके बारीक तितका हिशेब खरा, पण त्याची किंमत असते. तुकड्याची बाजू निम्मी केली की तुकडे आठपट होतात, आणि सरळ पद्धतीने मोजायचे तर प्रत्येक पायरीचा काळही चौथाई करावा लागतो. एकूण काम बत्तीसपट. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या अभियंत्यांनी पोलादी नगांवर असे हिशेब केले तेव्हा मोठाल्या यंत्रांवरही ते काम जड होते. १९८१ साली अमेरिकेतल्याच हर्ट आणि निकल्स या दोघांनी साच्यात उसळणाऱ्या द्रवाचा पृष्ठभाग तुकड्यातुकड्याने मोजण्याची रीत छापली. १९८२ साली जपानच्या नियामा यांनी पोलादातली डोळ्यांना न दिसणारी बारीक सच्छिद्रता ओळखण्याची कसोटी दिली : उष्णतेचा उतार घ्या आणि त्याला थंड होण्याच्या वेगाच्या वर्गमुळाने भागा. उत्तर फार लहान आले तर त्या जागी धोका आहे असे समजा. आज हे सारे साध्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर चालते. मुंबईच्या आयआयटीत प्रा. बी. रवी यांच्या गटाने ‘ऑटोकास्ट’ नावाचे असे सॉफ्टवेअर घडवले ते लहान फौंड्र्या नजरेसमोर ठेवून. ‘ई-फाउंड्री’ या नावाने शिकवण्याचा विनामूल्य उपक्रमही तिथूनच निघाला.

आता झटपट ओतकामाकडे येऊ. वाळूचा साचा एकदा वापरून मोडतात. डाय कास्टिंगमध्ये साचा पोलादाचा असतो आणि तो हजारो वेळा वापरतात. ॲल्युमिनियमचा रस एका नळकांड्यात ओततात, मागून दट्ट्या येतो. तो आधी सावकाश चालतो, म्हणजे रसाची लाट उसळून हवा आत कोंडली जाऊ नये. मग एकदम जोरात. अरुंद तोंडातून रस सेकंदाला ३० ते ६० मीटर वेगाने आत शिरतो. ४० मीटर धरले तर ताशी १४४ किलोमीटर झाले, आगगाडीपेक्षाही जास्त. पातळ नगाचा साचा सेकंदाच्या काही शतांश भागात भरतो. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो.

एवढ्या वेगात उस्तादाची नजर चालत नाही. वाळूच्या कामात रस कसा चढतो ते तोंडातून दिसते. इथे सारे बंद पोलादात घडते. गणिताची खरी गरज इथेच आहे, आणि गणित बदलते तेही इथेच. वाळूत वाट अडवणारी होती वाळू. पोलादी साचा उष्णता झटकन ओढून घेतो, म्हणून अडचण सरकते ती धातू आणि साचा यांच्यामधल्या पातळ फटीकडे आणि साच्याला आतून लावलेल्या लेपाकडे. लेप लावलेल्या साच्यात रस नुसता ओतून केलेल्या कामात तर दुप्पट जाडीला चौपट नव्हे, दुपटीच्या आसपासच वेळ लागतो. वाळूचा नियम डोळे मिटून इथे लावला तर उत्तर चुकणारच. फटीतून किती उष्णता जाते हा आकडा पुस्तकातून उचलून चालत नाही. साच्यात तापमान मोजणाऱ्या तारा बसवून तो काढावा लागतो.

आणखी एक हिशेब आम्हाला फार बोधक वाटला. एक किलो ॲल्युमिनियम गोठताना आणि साच्यातून काढण्याइतके थंड होताना ढोबळमानाने ७५० किलोज्यूल उष्णता सोडते. नग २ किलोचा असेल तर १,५०० किलोज्यूल. मिनिटाला एक नग काढायचा तर साच्यातून सतत २५ किलोवॅट उष्णता बाहेर न्यावी लागते, म्हणजे २ किलोवॅटचे बारा-तेरा गीझर एका वेळी चालू असल्यासारखे. मालक म्हणाला की मिनिटाऐवजी ४५ सेकंदांत नग काढा, तर आकडा ३३ किलोवॅटवर जातो. मशीन त्या वेगाने चालेल हो, पण साच्यातल्या पाण्याच्या नळ्या तेवढी उष्णता नेतील काय? नेत नसतील तर साचा तापत जाईल, नग चिकटेल आणि मोठ्या किमतीच्या साच्याला तडे जातील. झटपट कामाचा वेग दट्ट्या ठरवत नाही, पाणी ठरवते. सकाळी मशीन चालू केल्यावर पहिले काही नग बाद का जातात, हेही यातून कळते. साचा अजून आपल्या ठरलेल्या तापमानाला आलेला नसतो.

२०२० साली अमेरिकेच्या टेस्ला कंपनीने मोटारीच्या मागच्या बाजूचे सुमारे ७० सुटे भाग काढून टाकून तो भाग मोठ्या डाय कास्टिंग यंत्रावर एक-दोन तुकड्यांत ओतायला घेतला. इटलीच्या ‘इड्रा’ कंपनीचे ते यंत्र साचा ६,००० टनांच्या जोराने दाबून धरते. एवढा साचा आधी करून बघू, मग दुरुस्त करू, अशी सोय तिथे नसते.

वेगाबद्दल आणखी एक गोष्ट, जी लहान कारखान्यालाही उपयोगी आहे. इंग्लंडच्या बर्मिंगहॅमचे प्रा. जॉन कॅम्पबेल यांनी दाखवले की, ॲल्युमिनियमचा रस साच्यात साधारण सेकंदाला अर्ध्या मीटरपेक्षा जास्त वेगाने शिरला की त्याच्यावरची ऑक्साइडची साय आत दुमडली जाते आणि नग त्या जागी कमजोर होतो. अर्धा मीटर वेग यायला रस किती उंचीवरून पडावा लागतो? अवघ्या १३ मिलिमीटरवरून. आमच्याकडे लॅडल हातभर वर धरून ओततात. डाय कास्टिंगमध्ये ही मर्यादा पाळणे शक्यच नसते. तिथे साय बारीक होऊन विखुरते, वरून प्रचंड दाब असतो, आणि तरीही काही हवा कोंडतेच. वाळूत ॲल्युमिनियम ओतणाऱ्याला मात्र रस खालून वर चढवता येतो, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

आमच्या एका नातलगाची लहान फौंड्री आहे. पंपाच्या पोलादी कव्हरचे काम त्याला मिळाले होते. माल गेला आणि गिऱ्हाइकाने परत पाठवला. जाड बॉसच्या आत पोकळी होती. मालकाने दोष ठेवला तो मोल्डरवर. सगळे त्यांना चाचा म्हणत. वाळू नीट ठोकली नाही, वय झाले, हात चालत नाही, असे म्हणून त्यांचा हिशेब करून टाकला. नवा मोल्डर आला आणि पोकळी तशीच राहिली. शेवटी गिऱ्हाइकाच्याच आग्रहाने कॉम्प्युटरवर गणित करून घेतले. पडद्यावर स्पष्ट दिसले की रायझर आणि बॉस यांच्यामध्ये जी पातळ भिंत होती ती आधी गोठत होती. रस जायची वाटच बंद. बॉस एकटा मागे राहून शेवटी गोठत होता. चाचांच्या जागी कोणीही असता तरी त्याने काही केले नसते, चूक नकाशावरच होती. बॉसला टेकवून वाळूत एक लोखंडी चिल बसवला, तो भाग लवकर थंड झाला आणि पोकळी गेली.

नातलग चाचांच्या घरी गेला. चाचा म्हणाले, “बेटा, साचा फोडताना त्या जागची वाळू सर्वांत जास्त तापलेली असायची. मी दोनदा सांगितले होते.” ते परत आले नाहीत. तोवर दुसरीकडे लागले होते.

गणिताने जे रंगात दाखवले ते त्या माणसाला हाताने ठाऊक होते. ओतकामाचा इतिहास अशाच हातांचा आहे. विजापूरच्या बुरुजावरची ‘मलिक-ए-मैदान’ तोफ १५४९ साली, आज ज्याला अहिल्यानगर म्हणतात त्या अहमदनगरात, मुहम्मद बिन हुसेन रूमी यांनी ओतली. तिचे वजन सुमारे ५५ टन सांगितले जाते. एवढा रस तयार करून साच्यात उतरवायचा हिशेब त्या उस्तादाने कोणत्या तरी रीतीने केलाच असणार. तो त्याच्यासोबत गेला. अडचण नेमकी ही आहे की असे ज्ञान कागदावर येत नाही, म्हणून त्याला ना किंमत मिळते ना वाद निघाल्यावर पुरावा म्हणून ते चालते.

आम्ही उर्दू शाळेत शिकलो, तिथे गुणाकाराला ज़र्ब, वर्गाला मुरब्बा म्हणत. मुरब्बा म्हटले की आम्हाला आधी आंब्याचा मुरब्बा आठवायचा. कॉम्प्युटरच्या दुनियेत ज्याला अल्गोरिदम म्हणतात तो शब्द नवव्या शतकात बगदादच्या बैतुल हिकमतमध्ये काम करणाऱ्या अल-ख्वारिज्मी यांच्या नावावरून आला, आणि अल्जिब्रा हा शब्द त्यांच्याच किताबाच्या नावातल्या ‘अल-जब्र’वरून. जलशांतून हे अभिमानाने सांगतात. सांगावे, पण दहावीनंतर मुलगा गणित सोडतो तेव्हा त्याला कोणी अडवत नाही. आयटीआय किंवा डिप्लोमा झालेला, साच्याची आणि वाळूची माहिती असलेला मुलगा हे सॉफ्टवेअर शिकला, तर नुसत्या कॉम्प्युटरवाल्यापेक्षा तो लवकर उपयोगाचा होतो. पडद्यावरचा लाल रंग कोठे खरा आणि कोठे फसवा, हे त्याला ओळखता येते.

लाल रंग फसवतोही. सॉफ्टवेअरला वाळूतली ओल माहीत नसते, रस पंधरा मिनिटे लॅडलमध्ये थांबला होता हे माहीत नसते, भंगारातून नको तो धातू आला हेही माहीत नसते. जे तापमान लिहून द्याल त्यावर ते हिशेब करील. अंदाजाने लिहिलेले तापमान ५० अंशांनी चुकीचे असेल, तर पडद्यावरचे सुंदर चित्रही तेवढेच चुकीचे.

म्हणून ज्या लहान कारखानदाराला हे काम बाहेरून करून घ्यायचे आहे, त्याने पैसे देण्याआधी समोरच्याला काही प्रश्न विचारावेत. माझी वाळू कोणती धरली? रसाचे तापमान किती धरले आणि ते कोणी मोजले? पातळ जागी भिंतीच्या जाडीत किती तुकडे पाडले? एकच तुकडा पाडला असेल तर ते उत्तर घेऊ नये, निदान तीन-चार तरी हवेत. आणि आधीच बिघडलेला एक जुना नग त्याला द्यावा, पोकळी कोठे होती ते न सांगता. त्याच्या गणितात ती त्याच जागी निघाली तर पुढचे काम त्याच्याकडे सोपवावे. नग मधून कापून ठेवलेला असावा, म्हणजे दोघांनाही एकत्र बघता येतो.